तिखटाच्या पाकिटावरची बाई

श्रेयसची म्हातारी द्वारका चौकात चांगली तीस फूट उंच उभी होती, आणि तिला तिथे उभं करण्यापूर्वी श्रेयसला कुणी विचारलं नव्हतं. डोक्यावरून पदर, आवळून धरलेले ओठ, मिटत आलेले डोळे आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अडकलेला एक थेंब. रेषा त्याचीच होती. पदराच्या काठाला तीन रेघा मारून काम सोडून दिलेलं होतं, तेही त्याचंच. चौथी रेघ मारायला तेव्हा वेळ मिळाला नव्हता. लाल रंग, मिरच्यांचा ढीग आणि खालची ओळ तेवढी दुसऱ्या कुणाची होती. 'फडताळ लाल तिखट. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी.'

सिग्नल सुटला तरी श्रेयस स्कूटरवर मान वर करून बसून राहिला. मागच्या रिक्षावाल्याने तीनदा हॉर्न वाजवला आणि मग रिक्षा शेजारी आणली.

"काय पाहतो भाऊ? सिग्नल सुटला."

"ते चित्र माझंय," श्रेयस म्हणाला.

"बरं. मग उतरवून घरी ने. पण आधी गाडी काढ."

श्रेयस एकतीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि नटबोल्टांची अचूक चित्रं काढत होता. मग त्याला वाटलं की आपण माणसं काढावीत. नोकरी सोडली त्या दिवशी पंचवटीतल्या त्यांच्या घरात एक करार झाला. वडील, ढुंढिराज गुरुजी, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. घरात ही चौथी पिढी. "बाबा, दोन वर्षं द्या," श्रेयस म्हणाला होता. "दोन वर्षांत लोक मला नावानं ओळखायला लागले नाहीत, तर तुमच्याबरोबर घाटावर बसेन." गुरुजींनी वाद घातला नाही. ते कधीच घालत नसत. माणसांचे वाद कायमचे संपल्यावरच त्यांचं काम सुरू होत असे. "दोन वर्षं," एवढंच ते म्हणाले आणि संध्येला बसले.

आता ती दोन वर्षं येत्या दिवाळीला संपत होती. सिंहस्थ तोंडावर आलेला, सगळं शहर खणून ठेवलेलं, गुरुजींचे गुडघे दुखायला लागलेले. आणि श्रेयसचं नाव अजून मुंजीच्या पत्रिकांच्या मागच्या बाजूला, छापखान्याच्या फोन नंबरच्या खाली, भिंगातून वाचण्याइतकंच मोठं होतं. अशा वेळी त्याची म्हातारी द्वारका चौकात उभी राहिली होती, आणि तिच्या खाली नाव होतं ते तिखटाचं.

त्याचा मित्र रोहित कॉलेज रोडला फोटो स्टुडिओ चालवायचा. दुसऱ्याच्या भांडणात उतरायची त्याला मनापासून आवड होती.

"हे सोडायचं नाही," रोहित म्हणाला. "पोस्ट टाक. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी. वर एकच शब्द. चोरी."

"एवढं सरळ?"

"मग काय 'सप्रेम नमस्कार' लिहू?"

पोस्ट पडली. पहिल्या दिवशी अकरा हजार लोकांनी ती पाहिली. कुठल्या कुठल्या गावच्या चित्रकारांनी 'आमच्याबरोबरही हेच झालं' असं लिहिलं. एका बाईने त्याला 'श्रेयस सर' म्हटलं. त्या रात्री श्रेयसला फार चांगली झोप लागली. ती शेवटचीच.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी शोधून काढलं की हेच चित्र सात वर्षांपूर्वी 'नाशिकचा ठसका' नावाच्या फेसबुकवरच्या विनोदी पानावर आलेलं आहे, आणि श्रेयसच्या स्वतःच्या खात्यावर ते चार दिवसांनंतर आलं आहे. हे खरं होतं. त्या वेळी श्रेयसने चित्राचा फोटो मिसळ खाणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, वर लिहिलं होतं, 'मिसळीचा पहिला घास'. ग्रुपमधल्या कुणीतरी तो त्या पानाला दिला, तिथे तो धो धो चालला, आणि तो चालतोय हे पाहून श्रेयसने आपल्या खात्यावर टाकला. तेव्हापासून चाळीसेक पानांनी तो वापरला होता. कुठे 'बायकोने आईला फोन लावला तेव्हा', कुठे 'लाइट बिल आलं तेव्हा'. म्हातारी तीच, दुःख रोज नवीन.

"तारखेप्रमाणे तर तूच चोर," खाली कुणीतरी लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की हे हाताने काढलेलंच नाही, हल्ली कॉम्प्युटरला सांगितलं की असल्या शंभर म्हाताऱ्या मिळतात. कालच्या बाईने 'सर' काढून टाकलं.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. फडताळ फूड्सच्या वतीने ॲडव्होकेट तेजस्विनी यांनी कळवलं होतं की कंपनीने हे चित्र जाहिरात एजन्सीकडून रीतसर घेतलं आहे. ते आपलं असल्याचा आपला दावा असेल, तर मूळ चित्र, ते काढल्याच्या तारखेच्या पुराव्यासह, आठ दिवसांत दाखवावं. अन्यथा आपण लेखी माफी मागावी, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावण्यात येईल.

"झालं तर मग," रोहित म्हणाला. "मूळ कागद दाखव. विषय संपला."

श्रेयसने नोटिशीची घडी घातली.

"हरवला की काय?"

"नाही. घरीच आहे."

"मग रडतोस कशाला?"

"कागद नाहीये तो," श्रेयस म्हणाला. "बाबांची वही आहे."

रोहितला वही म्हणजे काय ते ठाऊक होतं. पंचवटीत वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. गावोगावची माणसं आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर येतात तेव्हा त्यांचे उपाध्याय वही उघडतात. कोण गेलं, सोबत कोण आलं, घरात नवं कोण जन्मलं, हे सगळं त्यात उतरतं आणि शेवटी यजमान सही करतात. अशा चाळीस लांबट वह्या, लाल बासनात बांधलेल्या, गुरुजींच्या भिंतीतल्या कपाटात होत्या. त्यातलं एखादं पान पुन्हा उघडायचं ते त्या घराण्यातलं कुणी आलं तरच. त्यात नावांखेरीज काही लिहायचं नसतं. पणजोबांनी एकदा घाईत एका पानाच्या कडेला सामानाची यादी लिहिली होती, तर त्यांच्या वडिलांनी त्यांना दिवसभर उपाशी ठेवल्याचं अजून घरात सांगत.

सात वर्षांपूर्वी गुरुजी घाटावरच्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. महिनाभर श्रेयसने सुट्टी काढली. गुरुजी सांगायचे, तो लिहायचा. समोर रोज रडून थकलेली माणसं, हातात पेन आणि निम्मं पान कोरं. महिनाभर त्याने हात आवरला. एकदाच सुटला.

आणि कुठल्या गावाच्या पानावर सुटला, ते त्याला आठवत नव्हतं. चेहरा आठवत होता, गाव नाही.

गुरुजी सकाळी सहाला घाटावर जायचे ते अकराला परतायचे. त्या वेळात चाळीस वह्या पाहायच्या होत्या.

"आई, तू फक्त दारात उभी राहा," श्रेयस म्हणाला.

"मी या घरात पस्तीस वर्षं दारातच उभी आहे," उत्तराबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

पहिल्या दिवशी पेठच्या वह्या झाल्या, दुसऱ्या दिवशी निफाडच्या. श्रेयसने आयुष्यात एवढी मेलेली माणसं एका दमात कधी वाचली नव्हती. काही पानांवर त्याचंच अक्षर होतं आणि त्याला एकही नाव ओळखीचं वाटत नव्हतं. लिहिताना आपण काहीच ऐकत नव्हतो की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण नोटिशीचे चारच दिवस उरले होते, त्यामुळे तो पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी, नामपूरच्या वहीत, म्हातारी सापडली. निळ्या शाईत, तळहाताएवढी. तो थेंब, त्या तीन रेघा. श्रेयसला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याला मागे ओल्या धोतराचा वास आला. घाटावरचा एक विधी रद्द झाला होता आणि गुरुजी लवकर परतले होते. उत्तराबाई दारात होत्या, पण दार अडवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुजी पानाकडे बघत राहिले.

"हे कधी?"

"तुमचा हात मोडला होता तेव्हा."

"हे कुणाचं पान आहे?"

श्रेयसला पानाच्या वरच्या ओळी बघून वाचावं लागलं. "भामरे. नामपूरचे."

गुरुजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत जाऊन बसले. जेवताना त्यांनी ताक मागितलं नाही, आणि ताकाशिवाय त्यांचं जेवण होत नाही हे माहीत असल्यामुळे उत्तराबाईही अर्धपोटी उठल्या. श्रेयसने घडला प्रकार सगळा सांगितला. म्हणजे जवळजवळ सगळा. मिसळीचं सांगितलं नाही.

संध्याकाळी गुरुजी बोलले. "वही घराबाहेर जाणार नाही. ज्यांना पाहायचंय त्यांनी इथं यावं. आणि नावं झाकीन. चित्र बघा, तारीख विचारा, बाकी नाही. वहीत लोकांची माणसं आहेत."

रविवारी सकाळी ते आले. ॲडव्होकेट तेजस्विनी, तरुण, नीटनेटक्या, हातात जाड फाइल. आणि कंपनीचे मालक, महेशशेठ, पस्तिशीचे, अंगाने भरलेले, जिना चढून आधीच घामाघूम आणि त्यामुळे आणखी चिडलेले. भांडायला आलेल्या माणसांना काय द्यायचं असतं ते उत्तराबाईंना माहीत नसल्यामुळे त्यांनी पोहे केले होते.

"चोर म्हनले तुम्ही मला," महेशशेठ बसता बसताच म्हणाले. "माझ्या पोरीच्या शाळेतल्या ग्रुपवर फिरतंय ते. लहान कंपनी हे आमची. घरच्या गिरणीवर सुरू केली. मी कशाला कोणाचं चोरू?"

"चित्र माझंय," श्रेयस म्हणाला. "एवढंच म्हणणं आहे. त्याखाली माझं नाव पाहिजे होतं."

"एजन्सीवाल्यानं पन्नास चित्रं आणली होती. कुठून आणली मला काय माहीत? मी हेच धरलं. का, तर आमच्या आजीवानी वाटलं." महेशशेठनी पोह्यांची बशी घेतली. दोन घासांनी त्यांचा राग जरा उतरला आणि ते हसले. "आणि गंमत सांगू का गुरुजी, पहिलं पाकीट गावाला नेलं, आजीला दाखवलं. म्हातारीनं चष्मा लावला, लय वेळ पाहिलं. आणि म्हनते काय, 'हाई बाईनं कोन गयं रे?' "

"म्हणजे?" तेजस्विनींनी विचारलं.

"म्हणजे ह्या बाईचं कोन वारलं? तिखटाच्या पाकिटावर हो. आता बोला."

ते एकटेच हसले. गुरुजींनी हातातला पेला खाली ठेवला. श्रेयसने उगाचच खिडकी उघडली.

गुरुजींनी वही पाटावर ठेवली, बासन सोडलं, पान उघडलं आणि मजकुरावर आणि खालच्या सहीवर आपला पंचा पसरला. चित्र तेवढं उघडं राहिलं. तेजस्विनी वाकल्या. त्यांनी फाइलमधून पाकिटाचा छापील नमुना काढून शेजारी धरला. थेंब पाहिला, ओठ पाहिले, काठाच्या तीन रेघा मोजल्या.

"रेषा तीच आहे," त्या म्हणाल्या. प्रामाणिक बाई होत्या.

श्रेयसने जिन्याकडे पाहिलं. जिन्यात उभ्या असलेल्या रोहितने, त्याला आत यायची परवानगी नव्हती, अंगठा वर केला.

"तारीख?"

"शके एकोणीसशे चाळीस, मार्गशीर्ष वद्य पंचमी," गुरुजी म्हणाले. "म्हणजे अठरा सालचा डिसेंबर."

"पण गुरुजी, तारीख नंतरही लिहिता येते. चित्रही नंतर काढता येतं."

"माझ्या वहीत?" गुरुजींनी विचारलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं.

"मी तुमच्याबद्दल म्हणत नाही. पण बाहेरच्या कुणाची साक्ष हवी. पानावर कुणाची सही आहे का?"

"यजमानांची असतेच. सर्वांत शेवटी."

"चित्र सहीच्या आधीचं की नंतरचं?"

इथे श्रेयसने गप्प बसायला हवं होतं. पण जिंकत आलेला माणूस गप्प बसत नाही. "आधीचं," तो म्हणाला. "शंकाच नको. चित्रामुळे जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी सही चित्राच्या अगदी खाली केलीय. पदराला चिकटून. बाबा, तेवढं दाखवा ना."

गुरुजींनी पंचाचं खालचं टोक बोटभर वर उचललं. महेशशेठही बशी हातात घेऊनच वाकले. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले.

"ही सही माझीये," ते म्हणाले.

 मग गुरुजींनी पंचा पूर्ण काढून घेतला. पान ज्याचं, त्याच्यापासून ते झाकायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी वाचलं, नेहमीच्या संथ आवाजात. "मौजे नामपूर, तालुके बागलाण. भामरे. कैलासवासी सावळीराम यांच्या अस्थी घेऊन आले. पत्नी सगुणाबाई, पुत्र कोंडाजी, नातू महेश."

"आबांच्या अस्थी," महेशशेठ म्हणाले. "हां. आल्तो आम्ही. सगळं चुलत्यानं पाहिलं. बाप रडत होता, म्हनून सही मला करायला लावली. मी कुठं काय पाहिलं त्या दिवशी?" त्यांनी चित्रावर बोट ठेवायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "हाई मनी आजीच शे."

एजन्सीवाल्याच्या पन्नास चित्रांतून त्यांनी आपली आजी बरोबर उचलली होती. आजीने मात्र स्वतःला ओळखलं नव्हतं. तिला दिसलं होतं ते फक्त की ह्या बाईचं कुणीतरी गेलंय. इंटरनेटवरची चाळीस पानं, लाखभर माणसं आणि द्वारका चौकातली सगळी गर्दी, यांतल्या कुणालाही ते दिसलं नव्हतं.

वकिलाला मात्र काम असतं. तेजस्विनींनी फाइलचं पान उलटलं.

"श्रेयस सर, दोन गोष्टी. तुमच्या पहिल्या पोस्टवरची ओळ तुमचीच आहे ना?" आणि त्यांनी वाचली. " 'मिसळीचा पहिला घास'. खाली जीभ बाहेर काढलेलं तोंड."

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. चित्र पाहिल्यावर पाहिलं होतं तसं नव्हे. श्रेयसला त्या क्षणी आपली लाज वाटली, आणि ती नेहमीसारखी वरवरची नव्हती. नवऱ्याच्या अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन ती बाई बसली होती. एवढं त्याला आता स्वच्छ आठवलं. तो तिच्यापासून दोन हातांवर होता. ओळ सुचली ती तिथेच, आणि सुचली तेव्हा ती त्याला फार आवडली होती.

"हो," तो म्हणाला. "माझीच."

"म्हणजे तिखटाची कल्पनाही तुमचीच, हे तुमच्या बाजूनं जातं," तेजस्विनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पण दुसरी गोष्ट. गुरुजी, वहीतलं यजमानाचं पान कुणाच्या मालकीचं असतं?"

"यजमानाच्या."

"आणि त्यावर जे लिहिलेलं असेल ते?"

"यजमानाचंच. आम्ही नुसतं सांभाळतो. त्यांनी सही केली की त्यातलं अक्षरसुद्धा आम्हाला बदलता येत नाही."

"बाबा," श्रेयस म्हणाला.

"काय?"

 चाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक यजमानाला हेच सांगत आला होता. आज पोरासाठी दुसरं काय सांगणार?

"म्हणजे चित्र काढलं श्रेयस सरांनी," तेजस्विनींनी पेनाचं टोपण लावलं, "पण काढलं भामऱ्यांच्या पानावर, भामऱ्यांच्या माणसाचं, न विचारता. आणि भामऱ्यांनी खाली सही करून ते ताब्यात घेतलं. कंपनीनं आपल्याच घरची वस्तू वापरली. चोरी झाली असेलच, तर ती मिसळीच्या ग्रुपवर झाली. मला वाटतं, माफीचा मजकूर आपण आत्ताच ठरवून घेऊ."

जिन्यातला अंगठा कधीच खाली गेला होता. पाठोपाठ पावलंही खाली गेली.

"राहू द्या मॅडम," महेशशेठ म्हणाले. ते अजून चित्राकडेच बघत होते. "माफी नको. फलक उतरवायला सांगा. सगळे. पाकिटंबी बंद करा ती."

"महेशशेठ, चार लाख पाकिटं छापून तयार आहेत."

"आजीचं रडं हे ते. मी विकून राहिलो." मग त्यांनी श्रेयसकडे मान वळवली. "आनि तुम्ही तुमच्या मोबाइलमधलं काढा."

श्रेयसने मोबाइल काढला. त्याच्या साऱ्या चित्रांत लोकांना आवडलेलं असं ते एकच होतं. 'नक्की काढून टाकायचं का?' मोबाइलने विचारलं. एवढ्या अदबीने त्याला त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने हो म्हटलं. बाकीच्या चाळीस पानांवर ती बाई तशीच राहणार होती, लाइट बिल हातात घेऊन; ते थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

आता सगळे उठतील असं त्याला वाटलं. पण गुरुजींनी चष्मा पुसला आणि पान सपाट केलं.

"आलाच आहात तर नवीन नावं सांगा, महेशराव. सात वर्षं झाली."

महेशशेठ पुन्हा मांडी घालून बसले. इतका वेळ ते पाहुण्यासारखे बसले होते, आता घरच्यासारखे. "पोरगी झाली मला. आरोही. पाच वर्षांची."

"श्रेयस, घे लिहून."

श्रेयसने पेन घेतलं आणि शेजारच्या कोऱ्या पानावर लिहायला लागला. आरोही, कन्या. चुलत भाऊ दीपक, त्याचं लग्न, सून कुठली, तिचं माहेर कुठलं. तेजस्विनी फाइल मांडीवर घेऊन बसून होत्या. आपल्या अशिलाच्या घरातलं बारसं अन् लग्न असं उलगडताना बघायची त्यांना सवय नव्हती. उत्तराबाईंनी पुन्हा चहा टाकला.

"आगमनाचं कारण?" श्रेयसने सवयीने विचारलं, आणि विचारल्यावर त्याला वाटलं की विचारायला नको होतं.

"नोटीस," तेजस्विनी म्हणाल्या.

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "दर्शनार्थ लिही. आजीचं दर्शन झालंच की."

महेशशेठनी खाली सही केली. या वेळी आधी सगळं वाचून, शेजारी चित्राकडे बघून, मग केली. गुरुजींनी वही मिटली नाही. त्यांनी पेन पुन्हा श्रेयसच्या हातात दिलं.

"लिहिणाऱ्याचं नाव. तेव्हा लिहिलं नव्हतंस. चित्राखाली लिही, जागा आहे तेवढ्यात."

पदराच्या काठाखाली, महेशच्या जुन्या सहीला चिकटून बोटभर जागा होती. श्रेयसने त्यात आपलं नाव लिहिलं. श्रेयस ढुंढिराज. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या एखाद्या चित्राखाली कुणी आपणहून त्याचं नाव मागितलं होतं. गुरुजींनी ते वाचलं, शाईवर फुंकर घातली आणि चित्राकडे जरा वेळ पाहिलं.

"नाक बरोबर आलंय," ते म्हणाले. "असंच होतं तिचं." मग बासन बांधता बांधता, वर न बघता, म्हणाले, "ज्याचं नाव वहीत, त्यानं वहीबरोबर यायचं असतं. उद्या सहाला निघू. दिवाळीची वाट कशाला बघायची? पंचा आईकडून घे."

श्रेयस हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. "बाबा, हे पान आता परत कधी उघडणार?"

"भामऱ्यांच्या घरातलं कुणी वारलं की."

जिन्याच्या खालच्या पायरीवर महेशशेठ बूट घालत होते. तेजस्विनी पुढे जाऊन कोणाला तरी फोनवर फलक उतरवायला सांगत होत्या. श्रेयस धावतच खाली आला आणि महेशशेठसमोर उभा राहिला.

"आता काय राहिलं?" महेशशेठनी विचारलं.

"आजी कशा आहेत?"

"पंच्याऐंशीच्या हेत. हल्ली जेवत नाय धड. का बरं?"

"थंडीचे दिवस येतायत," श्रेयस म्हणाला. "त्यांना जपा. दवाखान्यात दाखवा, काय लागेल ते करा. पण जपा."

महेशशेठ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या पानावर आपलं नाव आहे ते कुणीही, कधीही, अजिबात पाहू नये, अशी कळकळीची इच्छा असलेला चित्रकार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.